छंदाचा पुरावा किती धरायचा? ईम्स दांपत्याचं घर, खेळणी आणि खुर्ची

डिझाइन या विषयात संशोधन करू पाहणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं : 'अमुक डिझायनरला लहानपणापासून अमुक गोष्टीचा छंद होता आणि त्याचं प्रतिबिंब त्याच्या कामात दिसतं.' वाक्य वाचायला छान, लिहायला सोपं आणि व्हायवाला हमखास आडवं येणारं. कारण समोरचा परीक्षक फक्त 'कशावरून?' एवढंच विचारतो, आणि मग आपल्याकडे दोन फोटो आणि एक मुलाखत यापलीकडे काही नसतं.

पेट देऊन कोर्सवर्कला बसलेल्या, विषय नक्की करण्याच्या धडपडीत असलेल्या वाचकांसाठी आज मी याच वाक्याची चिरफाड करणार आहे. त्यासाठी उदाहरण मुद्दाम असं घेतलंय की जिथे हे वाक्य खरं वाटण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो. चार्ल्स आणि रे ईम्स. विसाव्या शतकातल्या अमेरिकन डिझाइनमधलं सगळ्यात जास्त फोटो काढलं गेलेलं घर यांचं असावं. खेळणी, भोवरे, पतंग, सर्कस, मेक्सिकोतल्या बाहुल्या, समुद्रकिनाऱ्यावरचे गोटे, काय वाट्टेल ते या जोडप्याने जमवलं. (रे हे नाव ऐकून दोघे भाऊ असावेत असा गैरसमज अनेकांचा होतो. रे म्हणजे रे कायझर, चित्रकार, चार्ल्सची बायको. या गैरसमजाकडे पुढे परत येऊ.)

सुरुवात त्यांच्या घरापासून करतो. लॉस एंजेलिसजवळ पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये 1949 साली हे घर उभं राहिलं. 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' मासिकाने 1945 पासून चालवलेल्या प्रयोगशील घरांच्या मालिकेतलं ते आठव्या क्रमांकाचं. पोलाद, काच, कारखान्यातून तयार मिळणारे भाग. बाहेरून बघितलं तर मोठी पेटी, आत शिरलं की वस्तूंची जत्रा. पाच वर्षं राहून झाल्यावर, 1955 मध्ये, दोघांनी याच घरावर एक छोटी फिल्म केली : 'हाउस : आफ्टर फाइव्ह इयर्स ऑफ लिव्हिंग'. फिल्म म्हणजे खरं तर त्यांनीच काढलेल्या स्लाइड्सची माळ, त्यावर एल्मर बर्नस्टीनचं संगीत. निवेदन नाही. काचेवर पडलेली झाडांची सावली, टेबलावरची मांडणी, फुलं, बाहुल्या, एकामागून एक.

फिल्म सुंदर आहे, यात वादच नाही. पण संशोधक म्हणून बघायला बसलात तर तिच्याकडे कुठल्या नजरेने बघाल? बहुतेक जण ती 'ईम्स दांपत्याच्या खाजगी आयुष्याची झलक' म्हणून उद्धृत करतात. मला हे पटत नाही. ज्यांनी घर डिझाइन केलं, त्यांनीच वस्तू मांडल्या, त्यांनीच फोटो काढले, कोणता फोटो किती वेळ दिसावा तेही त्यांनीच ठरवलं. ही झलक नाही, हे त्यांचं आणखी एक काम आहे. खुर्चीवर जेवढी मेहनत घेतली तेवढीच या 'सहज' दिसण्यावर घेतलेली आहे. फिल्ममध्ये धुवायची भांडी, बिलं, भांडणं असं काही येत नाही, येणारही नाही. म्हणजे ही फिल्म खाजगी आयुष्याचा पुरावा नाही. खाजगी आयुष्य लोकांना कसं दिसावं अशी त्यांची इच्छा होती, याचा मात्र पक्का पुरावा आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तुमच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या फरकावर उभं राहू शकतं.

पुढे तर या दिवाणखान्याचं थेट प्रदर्शनच झालं. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिझाइनवरच्या मोठ्या प्रदर्शनासाठी लॉस एंजेलिस काउंटी म्युझियम ऑफ आर्टने तिथलं सामान आणून म्युझियममध्ये दिवाणखाना पुन्हा मांडला. घर म्युझियममध्ये जाऊ शकतं, कारण ते आधीपासूनच थोडंसं म्युझियम होतं.

आता खेळणी. 1957 मध्ये ईम्स दांपत्याने 'टोकाटा फॉर टॉय ट्रेन्स' ही फिल्म केली. जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या, त्यांची स्टेशनं, बाहुल्यांचे प्रवासी. सुरुवातीच्या निवेदनात चार्ल्स म्हणतो त्याचा आशय असा की चांगलं जुनं खेळणं साहित्याच्या बाबतीत प्रामाणिक असतं. लाकूड लाकडासारखं वागतं, पत्रा पत्र्यासारखा. हे ऐकलं की डोक्यात लगेच दिवा पेटतो : अरे, यांच्या प्लायवुडच्या खुर्चीत तरी दुसरं काय आहे? लाकूड लपवलेलं नाही, जोड लपवलेला नाही. म्हणजे खुर्चीची प्रेरणा खेळण्यांतून आली!

थांबा. तारखा बघा. प्लायवुडची खुर्ची 1945-46 ची. खेळण्यांबद्दलचं हे बोलणं 1957 चं. अकरा-बारा वर्षांनंतर उच्चारलेला विचार आधीच्या वस्तूचं कारण म्हणून वापरायचा असेल तर मधली वाट दाखवावी लागेल. उलटंही शक्य आहे ना? वर्षानुवर्षं प्लायवुडशी झटापट केल्यावर त्यांना खेळण्यांत ही गोष्ट दिसू लागली असेल. आपण छंदाकडून कामाकडे बाण काढतो, पण बाण कामाकडून छंदाकडेही जाऊ शकतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की आपण फांदी मोडल्याचं पाप कावळ्यावर टाकतो, तसंच हे. इथे तर कावळा फांदी मोडल्यावर येऊन बसलाय.

मग खुर्ची आली कुठून? इथे मात्र माग काढता येतो आणि तो काढताना खाजगी आयुष्य खरोखर उपयोगी पडतं.

1940 मध्ये चार्ल्स ईम्स आणि ईरो सारिनेन यांनी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या फर्निचर स्पर्धेत भाग घेतला आणि जिंकले. कल्पना अशी की बसायची जागा आणि पाठ मिळून प्लायवुडची एकच वळवलेली वाटी करायची. कागदावर झकास. प्रत्यक्षात प्लायवुड एका दिशेने वळतं, पण एकाच वेळी दोन दिशांनी वळवलं की फाटतं, चिरतं. शेवटी वरून गादी आणि कापड चढवून ते झाकावं लागलं आणि खुर्ची कारखान्यात स्वस्तात काढायचं स्वप्न तिथेच राहिलं. स्पर्धेच्या चित्रांवर काम करणाऱ्यांत, मिशिगनमधल्या क्रॅनब्रूक अकॅडमीत तेव्हा नुकतीच आलेली रे होती.

जून 1941 मध्ये दोघांनी लग्न केलं आणि लॉस एंजेलिस गाठलं. चार्ल्सला एमजीएम स्टुडिओत सेटच्या कामाची नोकरी लागली. रिचर्ड नॉयट्राने डिझाइन केलेल्या इमारतीत भाड्याची जागा होती. त्या घरातल्या जास्तीच्या खोलीत या नवविवाहितांनी प्लायवुड दाबायचं यंत्र बनवलं. नाव ठेवलं 'कझॅम!', जादूगार छू मंतर म्हणतो तसं. प्लास्टरचा साचा, त्यावर गोंद लावलेले लाकडाचे पातळ थर, तारांनी उष्णता आणि सायकलच्या पंपाने भरलेला फुगा दाब द्यायला. हे सगळं घरात. आता सांगा, हे खाजगी आयुष्य की काम? हा प्रश्नच इथे निरर्थक ठरतो, आणि म्हणूनच इथे खाजगी आयुष्य पुरावा म्हणून चालतं. घराचा आकार, नोकरीनंतर उरलेले तास, पंपाने जेवढा देता येईल तेवढाच दाब, या सगळ्यांनी वस्तू काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही ते ठरवलं.

मग युद्ध. 1942 मध्ये एका ओळखीच्या नौदलाच्या डॉक्टरकडून कळलं की जखमी सैनिकाच्या पायाला बांधायची धातूची खपाची स्ट्रेचर हलताना कंपन वाढवते आणि दुखापत बळावते. खपाची म्हणजे मोडलेला पाय सरळ राहावा म्हणून बांधतात ती पट्टी. आपल्याकडे हाडवैद्य बांबूच्या वापरतात. ईम्स दांपत्याने ती प्लायवुडची केली. साचा चार्ल्सच्या स्वतःच्या पायावरून घेतला. आणि बघा, तीच 1940 ची अडचण इथे पुन्हा उभी राहिली : टाच आणि मांडी, दोन दिशांची वळणं. तोडगा असा की जिथे लाकूड फाटण्याची शक्यता होती तिथून थोडं लाकूड कापूनच टाकायचं. खपाचीतल्या त्या फटी शोभेच्या नाहीत. ताण मोकळा होतो आणि बँडेज ओवायलाही जागा मिळते. युद्ध संपेपर्यंत नौदलासाठी अशा दीड लाखांच्या घरात खपाच्या बनल्या. युद्धकाळात टंचाई असलेलं लाकूड, नवे कृत्रिम गोंद आणि ते वापरायचं तंत्र, हे सगळं नौदलाच्या कामामुळे हाती आलं.

त्यानंतरच्या खुर्चीत त्यांनी एकच वाटी करायचा हट्ट सोडला. बैठक वेगळी, पाठ वेगळी, मधे जोडणारा कणा. दोन्ही तुकडे शरीराप्रमाणे वळलेले, पण दोघांच्या मधली फाटणारी जागाच काढून टाकलेली. 1940 ची फसलेली वाटी, 1942 ची फटी पाडलेली खपाची, 1945-46 ची दोन तुकड्यांची खुर्ची. तिन्ही वस्तू आजही बघता येतात, तिन्हींच्या तारखा आहेत, तिन्हींत तीच अडचण आणि त्याच साहित्याची वागणूक दिसते. याला मी माग म्हणतो. यात 'प्रेरणा' हा शब्द एकदाही वापरावा लागला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

सर्कसचं थोडक्यात सांगतो. चार्ल्सने वर्षानुवर्षं सर्कसचे फोटो काढले, 1970-71 च्या हार्वर्डमधल्या नॉर्टन व्याख्यानांत ते दाखवले, विदूषकाच्या रंगरंगोटीवर फिल्मही केली. बाहेरून मोकाट दिसणाऱ्या सर्कशीच्या आत कडक शिस्त असते, हे त्याचं आवडतं म्हणणं. यावरून त्याच्या विचाराबद्दल लिहा, खुशाल लिहा. खुर्चीबद्दल लिहू नका. तो निव्वळ बादरायण संबंध होईल.

1956 च्या प्रसिद्ध आरामखुर्चीचंही तसंच. भरपूर वापरून मऊ झालेल्या बेसबॉलच्या हातमोज्यासारखी ती वाटावी, अशी चार्ल्सची कल्पना होती. इथून 'चार्ल्सला बेसबॉलचं वेड होतं' या वाक्यापर्यंत उडी मारायला अर्धा सेकंद पुरतो. पण त्या उपमेतून कळतं ते इतकंच की चामडं नवं असतानाच वापरल्यासारखं, सुरकुतलेलं दिसलं पाहिजे. ही अपेक्षा आहे, आत्मचरित्र नाही. याउलट दिग्दर्शक बिली वाइल्डर या मित्रासाठी 1968 मध्ये केलेली लांब खुर्ची घ्या. दुपारी डुलकी काढायची, पण गाढ झोप लागायला नको, म्हणून तिची रुंदी जेमतेम दीड फूट : झोपेत छातीवरचे हात घसरले की माणूस जागा होतो. मैत्रीतली एक सवय इथे थेट माप होऊन आली आहे. खाजगी आयुष्य वापरायचं तर असं वापरा, मोजपट्टी लावता येईल असं.

स्वतः चार्ल्सही प्रेरणेबद्दल फार बोलत नसे. पॅरिसच्या एका प्रदर्शनासाठी त्याला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं यांवर 1972 मध्ये 'डिझाइन क्यू अँड ए' ही छोटी फिल्म झाली. तीत त्याचा सगळा भर मर्यादांवर आहे : किंमत, आकार, ताकद, वेळ. डिझायनरने या मर्यादा ओळखाव्यात आणि त्यांच्यात राहून काम करायची उमेद ठेवावी, असा सूर. अर्थात डिझायनर स्वतःबद्दल बोलतो तेही जपूनच घ्यायचं. घरावरच्या फिल्मला जी कसोटी लावली तीच इथे लावा.

आता रे. माझ्या मते छंदाच्या गोष्टीचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालंय. चार्ल्स फोटो काढतो तेव्हा लिहिणारे त्याला 'निरीक्षण' किंवा 'संशोधन' म्हणतात. रे कागद, बटणं, कापडाचे तुकडे, फुलं जमवते आणि मांडते तेव्हा त्याला 'आवड', 'गृहसजावट', फार फार तर 'छंद' म्हणतात. कृती तीच, शब्द दोन. वास्तविक रे न्यूयॉर्कमध्ये हॅन्स हॉफमनकडे चित्रकला शिकलेली, अमूर्त चित्रकारांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. चाळीसच्या दशकात तिने 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर'ची कितीतरी मुखपृष्ठं केली. खपाचीच्या प्लायवुडमधून तिने शिल्पं कापली. ती शिल्पं आणि खुर्चीच्या पाठीचा आकार शेजारी ठेवून बघा आणि मग 'मदत करणारी पत्नी' हे वर्णन किती टिकतं ते ठरवा. मार्च 1946 मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने भरवलेल्या प्रदर्शनाच्या नावात एकट्या चार्ल्सचं नाव होतं. रेचं नाही, आणि त्याच कार्यशाळेत राबलेल्या हॅरी बर्टोइयासारख्या सहकाऱ्यांचंही नाही. बर्टोइया पुढे बाहेर पडला आणि नोल कंपनीसाठी तारेच्या खुर्च्या करून नावाजला गेला.

या वादावरची दोन पुस्तकं एकमेकांसमोर ठेवून वाचण्यासारखी आहेत. पॅट कर्कम यांचं 1995 चं पुस्तक रेचा वाटा ठामपणे पुढे आणतं. मॅरिलिन न्यूहार्टने, त्या ऑफिसात काम केलेला पती जॉन याच्यासह लिहिलेला 2010 चा फर्निचरवरचा ग्रंथ ऑफिसातल्या कारागीर-डिझायनरांचा वाटा मांडतो आणि रेच्या बाबतीत हात आखडता घेतो. कर्कम यांना घर, फिल्म, प्रदर्शनं मिळून एक अख्खं काम दिसतं. न्यूहार्ट वस्तूच्या सांध्यापाशी, स्क्रूपाशी उभे राहून बघतात. तुम्ही 'काम' कशाला म्हणता यावर उत्तर बदलतं. माझा कल कर्कम यांच्याकडे आहे, पण न्यूहार्ट न वाचता तो असणं बरं नव्हे. 2011 चा 'ईम्स : द आर्किटेक्ट अँड द पेंटर' हा माहितीपट या दोघांच्या संसारातल्या ताणांपर्यंत, चार्ल्सच्या विवाहबाह्य नात्यापर्यंत जातो. माणसं म्हणून ते कळणं रोचक आहे. त्यातून एकाही वस्तूबद्दल मला नवं काही कळलं नाही.

ही सगळी चर्चा भारतातल्या वाचकाला जवळची करणारा एक कागद आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ईम्स दांपत्य इथे आलं, फिरलं आणि एप्रिल 1958 मध्ये त्यांनी 'इंडिया रिपोर्ट' दिला. 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली ती त्याच्या आधारावर. या अहवालातला सगळ्यात गाजलेला भाग लोट्यावरचा आहे. (मराठीत लोटा म्हटलं की आधी परेड आठवते, त्याला इलाज नाही. तांब्या म्हणू.) आपण रोज हाताळतो त्या तांब्याबद्दल ते प्रश्नांची रांग लावतात : पाणी किती मावावं, कुणाच्या हाताने उचलायचा, डोक्यावर की कमरेवर, भरलेला आणि रिकामा तोल कसा, ओतताना धार कशी पडते, घासायला सोपा आहे का, किंमत काय, हाताला कसा लागतो. यात 'कुणाला कशावरून सुचलं' हा प्रश्न नाही. ईम्सच्या खुर्चीला कुठले प्रश्न विचारायचे ते ईम्सनी आपल्याच तांब्यावर विचारून दाखवलेत. संशोधनपद्धतीच्या पेपरला मी हे पान लावलं असतं.

तरीही या पानाशी माझं एक भांडण आहे. तांब्या कुणा एका माणसाने डिझाइन केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या अनेकांच्या हातून घडला, असं ते म्हणतात. कौतुकानेच म्हणतात. पण 'अनेकांनी घडवला' म्हटलं की कोणी घडवला हे विचारायची गरजच संपते. पुण्यातल्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या पत्र्यावर ठोके मारून भांडी घडवणाऱ्यांना नावं आहेत, घराणी आहेत, कुठला ठोका कुठे पडावा याचं शिक्षण आहे. अमेरिकेतल्या खुर्चीला एकच नाव मिळालं आणि बाकीचे पुसले गेले. भारतातल्या तांब्याला एकही नाव मिळालं नाही आणि सगळेच पुसले गेले. रेवर अन्याय झाला म्हणून हळहळणाऱ्या लेखांत या दुसऱ्या पुसण्याचा उल्लेख मला फारसा दिसत नाही.

तेव्हा कुणाला ईम्सच्या छंदांवरच काम करायचं असेल तर विषय वाईट नाही, फक्त त्याचं टोक बदला. 'खेळण्यांनी काय सुचवलं' हे विचारून हाती काही लागायचं नाही. त्यांच्या ऑफिसचे कागद आणि फोटो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. 1978 मध्ये चार्ल्स गेल्यावर रेने, 1988 मध्ये स्वतः जाईपर्यंत, त्यांची लावालाव करण्यात बराच वेळ घातला. तिथे शोधायचं ते असं : एखादी खेळण्यातली आगगाडी कोणत्या साली घेतली, दोघांपैकी कोणी घेतली, फिल्म ठरायच्या आधी की नंतर, आणि बिल घराच्या नावावर फाटलं की ऑफिसच्या.